पफर माशाच्या टाकीत शेजारी कोण?

शोभिवंत माशांच्या दुकानात एखाद्या कोपऱ्यातील लहानशा टाकीत वाटाण्याएवढे, पिवळसर-हिरव्या अंगावर काळे ठिपके मिरवणारे मासे जागच्या जागी तरंगताना दिसतात. माणूस काचेजवळ आला की इतर मासे दूर पळतात. हे मात्र काचेशी येतात आणि दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवीत समोरच्याला निरखू लागतात. बहुतेक ग्राहकांचा निर्णय त्याच क्षणी होऊन जातो. दोन-चार पफर प्लास्टिकच्या पिशवीतून घरी येतात आणि गप्पी, एंजल, टेट्रा असलेल्या जुन्या टाकीत सोडले जातात. पहिले दोन दिवस सारे आलबेल असते. आठवडाभरात गप्पींच्या पिसाऱ्यासारख्या शेपट्यांवर अर्धवर्तुळाकार चावे दिसू लागतात, एंजलचे लांब पर दोऱ्यांसारखे लोंबतात आणि एखाद्या सकाळी तळाशी मेलेला मासा सापडतो. दोष मग पाण्याला, खाद्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. खरा दोष निवडीचा असतो. पफरबरोबर कोणते मासे ठेवावेत, या प्रश्नाचे उत्तर ‘फारच थोडे, आणि तेही प्रत्येक वेळी नव्हे’ असे आहे. हे उत्तर मासे घेण्याआधी ठाऊक असणे केव्हाही श्रेयस्कर.

पफर म्हणजे कोकण किनाऱ्यावर ‘केंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाचेच कुळ. जाळ्यात अडकलेली मासळी आणि त्याबरोबर जाळेही कुरतडणारा म्हणून केंडाविषयी किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या तक्रारी वारंवार ऐकू येतात. या कुळाचे शास्त्रीय नाव टेट्राओडोन्टिडी, म्हणजे चार दातांचे. वरच्या व खालच्या जबड्यात प्रत्येकी दोन दातांची पाती जुळून पोपटाच्या चोचीसारखे हत्यार तयार झालेले असते. कुळात सुमारे दोनशे जाती आहेत. बहुतेक समुद्रातल्या, काही खाडीतल्या, तर तीसेक जाती जन्मापासून मरेपर्यंत गोड्या पाण्यात राहणाऱ्या. घरातल्या टाकीशी संबंध येतो तो या शेवटच्या गटाचा. निदान तसा यायला हवा.

या माशाचा स्वभाव त्याच्या शरीररचनेतून आलेला आहे. कठीण कवचाचे प्राणी, म्हणजे गोगलगायी, शिंपले, खेकडे, कोळंबी, फोडून खाणे हा त्याचा व्यवसाय. दातांची झीज होत राहते म्हणून दात आयुष्यभर वाढत राहतात. शरीर गोलाकार, अंगावर नेहमीचे खवले नाहीत, पोटाखालच्या परांची जोडी नाही. पाठीवरचा व शेपटीजवळचा खालचा पर हलवून तो पुढे सरकतो. वेग कमी, परंतु एकाच जागी थांबणे, मागे येणे, स्वतःभोवती वळणे यांत त्याचा हात धरणारा मासा विरळा. अशा प्राण्याला पाठलाग करून शिकार साधत नाही. तो आधी शांतपणे पाहतो, अंदाज घेतो आणि मग चावा घेऊन बघतो. मनुष्य अनोळखी वस्तू हाताने चाचपतो, पफर ती दातांनी चाचपतो. समोर लहरणारी गप्पीची शेपटी त्याच्या लेखी शेजाऱ्याचा अवयव नसून हलणारे खाद्य असते. त्याला ‘खुनशी’ म्हणण्याची दुकानांतून पद्धत आहे. ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

फुगण्याचा त्याचा प्रसिद्ध गुणधर्म हा बचावाचा शेवटचा उपाय होय. संकट आले की तो भराभर पाणी गिळून पोट ताणतो आणि गिळायला अवघड असा चेंडू होतो. मोठ्या सिक्लिड माशाने लहान पफर गिळण्याचा प्रयत्न केला, तर पफर घशातच फुगून दोघांचाही शेवट होऊ शकतो. त्यामुळे ‘पफर दुसऱ्यांना त्रास देतो, तर त्याच्याहून दांडगा मासा सोबत ठेवू’ हा तोडगा निकालात निघतो. जाळीने धरून त्याला पाण्याबाहेर काढणेही धोक्याचे. घाबरून त्याने हवा गिळली, तर ती बाहेर टाकणे त्याला जड जाते. पफर हलवायचा तो भांड्यात, पाण्यासकट.

विषाचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. जपानमध्ये ‘फुगू’ या नावाने परवानाधारक आचाऱ्यांकडून रांधला जाणारा मासा याच कुळातला, आणि त्याच्या यकृतात व अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन हे जीवघेणे विष असते. ते मूळचे जीवाणूंनी तयार केलेले असून खाद्यातून माशात साठते. विषमुक्त खाद्यावर वाढवलेले फुगू बिनविषारी निपजतात. गोड्या पाण्यातील काही पफरांत सॅक्सिटॉक्सिन गटातील विषे आढळली आहेत. हा मासा खायचा नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे. टाकीतल्या शेजाऱ्यांच्या जिवावर बेतते ते दातांमुळे.

आधी ओळख पटवा

शेजारी निवडण्यापूर्वी आपल्याकडे नेमका कोणता पफर आहे, हे निश्चित करावे लागते. बहुसंख्य अपयशांचे मूळ याच टप्प्यावर असते, कारण दुकानात सगळ्यांना एकच नाव, ‘पफर’. फार तर ‘हिरवा पफर’.

या नावाखाली विकला जाणारा हिरव्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा आणि ठळक गोल ठिपक्यांचा मासा बहुधा डायकोटोमिक्टेरे निग्रोविरिडिस असतो. पूर्वी तो टेट्राओडॉन निग्रोविरिडिस म्हणून ओळखला जाई. शास्त्रज्ञांच्या जगात त्याचा मान मोठा आहे. पृष्ठवंशी प्राण्यांमधील अत्यंत आटोपशीर जनुकसंचांपैकी एक त्याच्याकडे असून २००४ मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या जपानी भाऊबंदाचा, फुगूचा, जनुकसंच २००२ मध्येच वाचला गेला होता. मानवी जनुकसंचाच्या तो सुमारे एक अष्टमांश. पण घरगुती टाकीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा मासा खाडीच्या मुखाशी, मचूळ पाण्यात राहणारा आहे. पिल्ले काही काळ गोडे पाणी सोसतात, म्हणून दुकानात ती गोड्या पाण्यात धडधाकट दिसतात. वाढत्या वयाबरोबर त्यांना अधिकाधिक खारे पाणी लागते; ते न मिळाल्यास महिनोन्महिने कुढत त्यांचा शेवट होतो. पूर्ण वाढ झालेला मासा पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि तोपर्यंत त्याने टाकीतल्या बऱ्याच जणांची वासलात लावलेली असते. गोड्या पाण्याच्या सामुदायिक टाकीत या माशाला जागा नाही. त्याला सोबत द्यायचीच, तर मचूळ पाण्यात वाढणारे, चपळ आणि अंगाने भरदार असे मोनो किंवा स्कॅट हे मासे आणि भली मोठी टाकी हवी. मीठही स्वयंपाकघरातले नव्हे, तर सागरी मत्स्यालयांसाठी मिळणारे.

पाठीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिवळी नक्षी असलेला ‘फिगर एट’ पफर त्या मानाने लहान, आठ सेंटिमीटरच्या आसपासचा. जाणकार त्यालाही किंचित खारे पाणीच देतात. त्या पाण्यात बम्बलबी गोबीसारखा छोटा मासा त्याच्यासोबत काही वेळा टिकतो. निऑन टेट्रा किंवा कोरिडोरस हे मऊ, गोड्या पाण्याचे मासे मात्र दातांआधी मिठानेच हैराण होतील.

उलट टोकाला आफ्रिकेतले महाकाय पफर आहेत. नाईल व पश्चिम आफ्रिकेतील नद्यांमधला फहाका चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, काँगो खोऱ्यातला एम्बू साठ सेंटिमीटरही ओलांडतो. ते पूर्णपणे गोड्या पाण्यातले आहेत, माणसाळतातही. पण फहाकाच्या टाकीत दुसरा मासा म्हणजे फहाकाचे पुढचे जेवण. काँगोतलाच मिउरस हा वाळूत अंग पुरून, फक्त डोळे व तोंड वर ठेवून दबा धरणारा शिकारी. त्याच्या बाबतीत शेजाऱ्याची चर्चाच संपते. गंगा, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील कटकटिया हा आपल्या देशातला गोड्या पाण्यातला पफरही तापट म्हणून प्रसिद्ध असून तो एकटाच बरा.

राहता राहिले दोन. एक सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा, दुसरा अ‍ॅमेझॉनचा.

मलबारचा बुटका पफर

लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेला वाटाण्याएवढा मासा तो हाच. जगभरचे हौशी मत्स्यपालक त्याला ‘पी पफर’ म्हणतात. पूर्ण वाढ अडीच सेंटिमीटर, क्वचित साडेतीनपर्यंत; जगातील सर्वांत लहान पफरांत त्याची गणना होते. तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पंपा नदीतून मिळालेल्या नमुन्यांवरून सुंदरलाल होरा व नायर यांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे त्याचे नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रावनकोरिकस. १९९९ मध्ये ब्रिट्झ व कोटेलाट या संशोधकांनी त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा बुटका पफर कर्नाटकातून वेगळा ओळखला आणि त्याला ‘इमिटेटर’, म्हणजे नक्कल करणारा, असे नाव दिले. हे दोन्ही मासे पश्चिम घाटाबाहेर कोठेही निसर्गतः आढळत नाहीत.

त्याचा पहिला शेजारी म्हणजे त्याचा भाऊबंद, आणि खरी कसोटी तेथेच सुरू होते. प्रौढ नराच्या पोटावर मध्यभागी एक गडद रेघ असते व डोळ्यांमागे बारीक सुरकुत्यांसारखी चमकदार नक्षी दिसते. मादी अधिक गोल, ठिपके सुटे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी कागदोपत्री ५६ लिटरची होते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास उरते. एवढ्या पाण्यात एक नर व तीन मादी हे गणित सहसा जुळते. दोन नर ठेवले, तर दुबळ्याचे जिणे दुःसह होते. अडचण अशी की, दुकानात येतात ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची पिल्ले. त्या वयात नर-मादी ओळखता येत नाही. शिवाय बलवान नराच्या धाकात वाढणारे दुसरे नर बराच काळ मादीसारखेच दिसतात. त्यामुळे सहा पिल्ले आणून ती वयात आली की जास्तीचे नर दुसरीकडे हलवण्याची तयारी हवी. एक फुटाच्या टाकीत एकच पफर ठेवणेही गैर नाही. एकटेपणाने तो झुरत नाही. खाणे आणि शोधायला झाडोरा मिळाला की त्याचा दिवस मजेत जातो.

टाकी कशी मांडली आहे, यावरही बरेच अवलंबून आहे. मोकळ्या टाकीत चार पफर दिवसभर एकमेकांच्या नजरेत राहतात आणि नजरेत राहणे म्हणजेच भांडण. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, जावा मॉस यांनी टाकी गच्च भरली, लाकडाच्या ओंडक्यांनी आडोसे केले, तर प्रत्येकाला आपापला कोपरा मिळतो. मुंबईच्या चाळीत एका खोलीत दहा माणसे सुखाने नांदली ती पडद्यांच्या जोरावर. पफरांचेही तसेच आहे.

आता परक्या शेजाऱ्यांकडे. वगळण्याची यादी मोठी असल्याने तिच्यापासून आरंभ करणे सोयीचे. लांब पर व पिसारे असलेले मासे, म्हणजे एंजल, फायटर, नर गप्पी, लांब परांचे गोल्डफिश, दोरीसारखे स्पर्शेंद्रिय पुढे घेऊन फिरणारे गुरामी, हे सारे पहिल्याच फेरीत बाद. गोल्डफिश आकाराने पफरच्या चौपट असला, तरी त्याचा उपयोग नाही. चावणारा लहान आहे म्हणून चावा सुसह्य होत नाही. संथ व तळाशी बसून राहणारे मासेही नकोत. कोरिडोरस हे गुणी मासे पुष्कळांना आवडतात, परंतु वाळूत तोंड खुपसून बसलेल्या कोरिडोरसचे पर पफरला आयतेच मिळतात. टायगर बार्बसारखे स्वतःच खोडकर असलेले मासे आणले की भूमिका उलटतात. त्यांची टोळी पफरला कोंडीत पकडते, तो वारंवार फुगतो आणि खाणे सोडतो. ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा तर कोणत्याच लहान टाकीत नको. फूटभर वाढणारा हा मूळचा दक्षिण अमेरिकी मासा घरांतून बाहेर टाकला गेल्याने देशातील अनेक नद्या-तलावांत उपद्रवी ठरला आहे.

पश्चिम घाटातलाच मासा पफरला सोबती म्हणून द्यावा, निसर्गात ते एकत्रच राहतात, असा एक युक्तिवाद केला जातो. दिसायला तो बिनतोड आहे. मात्र नदीत चावा बसला की दहा हात दूर जाता येते, दोन फुटांच्या काचेत ते शक्य नसते. निसर्गातील सहवास हा टाकीतल्या सहवासाचा पुरावा मानता येत नाही.

मग उरते कोण? अनुभवी पाळणाऱ्यांच्या बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारे नाव ओटोसिंक्लसचे. दक्षिण अमेरिकेतला हा चार-पाच सेंटिमीटरचा शेवाळखाऊ मासा काचेला व पानांना चिकटून असतो, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते, पर आखूड असतात आणि पफरच्या खाद्यात त्याला रस नसतो. पफर त्याला सहसा एखाद्या पानाइतकेच महत्त्व देतो. अट एवढीच की, टाकी किमान दोन-तीन महिने जुनी, शेवाळ धरलेली असावी आणि ओटो पाच-सहांच्या गटात असावेत. नव्या स्वच्छ टाकीत ते उपाशी मरतात, आणि मग त्याचेही पाप पफरच्या माथी मारले जाते.

दुसरा पर्याय चपळ, आखूड परांच्या, वरच्या थरात पोहणाऱ्या छोट्या माशांच्या थव्याचा. आपल्याकडचा झेब्रा डॅनिओ किंवा आग्नेय आशियातील हार्लेक्विन रास्बोरा ही त्यातील ठरावीक नावे. टाकी तीन फुटांची, झाडोऱ्याने भरलेली आणि थवा आठ-दहांचा असेल, तर हा संसार पुष्कळदा सुरळीत चालतो. थव्याच्या निर्धास्त हालचालींमुळे पफरही अधिक मोकळेपणाने बाहेर येतात, असाही अनेकांचा अनुभव आहे. तरीही ही हमी नव्हे. एकाच खेपेत आणलेल्या दोन पफरांपैकी एक वर्षानुवर्षे कोणाच्या वाटेला जात नाही आणि दुसरा पहिल्याच रात्री शेपट्या कुरतडतो, इतका त्यांच्या स्वभावात फरक असतो. त्यामुळे रिकामी, चालू स्थितीतील दुसरी टाकी तयार असल्याखेरीज हा प्रयोग करू नये.

कोळंबीची गोष्ट मधली. लाल चेरी कोळंबी बुटक्या पफरएवढीच असते. मॉसच्या दाट जाळ्यात तिची वसाहत टिकतेही, पण पिल्ले गिळली जातात आणि नुकतीच कात टाकलेली, मऊ झालेली कोळंबी वाचणे अवघड. पाच सेंटिमीटरपर्यंत वाढणारी अमानो कोळंबी अधिक सुरक्षित. ज्यांना कोळंबी शोभेसाठी हवी आहे त्यांनी ती वेगळ्या टाकीत ठेवावी. ज्यांना ती ‘मेली तरी खाद्य झाले’ असे म्हणता येते, त्यांनीच हा हिशेब करावा. गोगलगायींबाबत प्रश्नच नाही. मोठ्या शोभिवंत गोगलगायींची शिंगे पफर खुडत राहतो, तर लहान गोगलगायी त्याच्या पानातले मुख्य पक्वान्न.

ताटातले भांडण

चावाचावीपेक्षा शांतपणे, कोणाच्या लक्षात न येता पफरचा बळी घेणारी गोष्ट म्हणजे उपासमार. सामुदायिक टाकीतले बहुतेक मासे दाणेदार किंवा पापुद्र्यांचे कोरडे खाद्य खातात. बुटका पफर ते बहुधा तोंडातही घेत नाही. त्याला जिवंत किंवा गोठवलेले खाद्य लागते: ब्लडवर्म, डॅफ्निया, डासांच्या अळ्या आणि गोगलगायी. ते टाकले की डॅनिओंचा थवा झडप घालून काही सेकंदांत फन्ना उडवतो. पफर अजून पहिल्या अळीचा अंदाजच घेत असतो. मालकाला वाटते, सगळ्यांचे पोट भरले. पंधरा दिवसांनी पफरचे पोट आत गेलेले दिसते. यावर उपाय म्हणजे थव्याला टाकीच्या एका टोकाला कोरडे खाद्य देऊन गुंतवावे आणि दुसऱ्या टोकाला लांब ड्रॉपरने पफरच्या पुढ्यात अळ्या सोडाव्यात. काही दिवसांत तो ड्रॉपर ओळखू लागतो.

दुकानांत सर्रास मिळणाऱ्या ट्युबिफेक्स अळ्या अनेकदा गटाराच्या पाण्यातून काढलेल्या असतात व त्यांच्याबरोबर रोग टाकीत येण्याचा धोका असतो. त्यापेक्षा गोगलगायी घरी वाढवणे सोपे. पाणवनस्पतींबरोबर फुकट येणाऱ्या, पातळ कवचाच्या गोगलगायी एका बरणीत उकडलेल्या पालकाच्या किंवा काकडीच्या तुकड्यावर पोसल्या, तर महिनाभरात अखंड पुरवठा सुरू होतो. ज्या गोगलगायींना इतर टाक्यांत उपद्रव मानून वेचून फेकले जाते, त्या येथे सोन्याच्या मोलाच्या. लांब शंकूच्या आकाराच्या, जाड कवचाच्या गोगलगायी मात्र एवढ्याशा माशाच्या दातांना झेपत नाहीत.

अशा मांसल खाद्याची घाण पाण्यात लवकर कुजते आणि खवले नसलेल्या पफरला दूषित पाणी इतरांआधी बाधते. टाकीत अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी पफर सोडू नये. नंतरही दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे लागते, हे शहरी मत्स्यपालकांना सांगायला नकोच. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस, म्हणजे मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ हीटरची गरज नाही. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात मात्र ती भासते.

अ‍ॅमेझॉनचा पाहुणा

सामुदायिक टाकीत खरोखर बसू शकेल असा पफर कोणता, असे विचारल्यास कोलोमेसस असेलस या दक्षिण अमेरिकी जातीचे नाव घ्यावे लागेल. सोनेरी-पिवळ्या पाठीवर काळे पट्टे असलेला हा मासा इतर पफरांच्या उलट थव्याने राहतो, दिवसभर पोहतो आणि एकटा पडला की बेचैन होतो. पाच-सहा जणांचा गट, चार फुटांची टाकी, चपळ टेट्रांचा थवा व तळाला ओटो, अशी मांडणी अनेकांनी यशस्वी केली आहे. लांब परांचे मासे येथेही वर्ज्यच. मात्र त्याचे दात फार वेगाने वाढतात. गोगलगायींचा पुरवठा तोकडा पडला, तर चोच इतकी वाढते की तोंड बंदच होत नाही. मग लवंगेच्या तेलाने माशाला गुंगी देऊन दात छाटण्याची वेळ येते, आणि ते काम जाणकारानेच करायचे असते. हा मासा आपल्या दुकानांत मिळालाच, तर एवढी जबाबदारी पत्करूनच घ्यावा.

मलबारच्या पफरची जबाबदारी वेगळ्या प्रकारची आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात मोडतो. राजीव राघवन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातील तीस जातींचे किमान पंधरा लाख गोड्या पाण्यातील मासे शोभेच्या व्यापारासाठी निर्यात झाले. त्यांत आघाडीवर असलेल्या जातींत हा पफर होता, केरळचे लाल रेघेचे टॉर्पेडो बार्ब होते आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील पश्चिम घाटात आढळणारा झेब्रा लोचही होता. म्हणजे दुकानातल्या टाकीत दिसणारा प्रत्येक बुटका पफर हा बहुधा एखाद्या नदीतून उचललेला आहे. आठवडाभरात बदलून आणता येणारी ती वस्तू नव्हे. दिलासा एवढाच की, ही जात टाकीत अंडी घालते. नीट पोसलेली मादी मॉसमध्ये अंडी सोडते, चार-पाच दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि आर्टेमियाच्या पिल्लांवर ती वाढवता येतात. एका प्रजातीसाठी राखलेली टाकी पत्करणाऱ्यांना हे दृश्य लाभण्याची शक्यता अधिक. गजबजलेल्या टाकीत अंडी इतरांच्याच पोटात जातात.

नदीतून आलेल्या माशांच्या आतड्यांत जंत असणे स्वाभाविक आहे. भरपूर खाऊनही पोट खपाटीला गेलेले दिसले, तर तेच कारण समजावे. म्हणून नवा पफर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा आणि गरज पडल्यास जाणकाराच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. सोबत्यांची योजना असेल, तर आधी सोबती सोडावेत, त्यांना टाकी परिचित होऊ द्यावी, आणि पफर सर्वांत शेवटी. आधीपासून राहणारा पफर सारी टाकी आपली समजतो व नंतर येणाऱ्याला घुसखोर ठरवतो. पहिला आठवडा शेपट्यांकडे लक्ष ठेवावे. चावे दिसले, तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये. सवय पफरला होते ती चाव्यांची. पफर काचेलगत एकसारख्या वरखाली फेऱ्या मारू लागला किंवा दिवसचे दिवस काळवंडलेला राहिला, तर त्रास त्यालाही होत आहे, हे ओळखावे.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगावे आणि जो मासा पुढे येऊन खातो, ज्याचे पोट भरलेले व डोळे स्वच्छ आहेत, तोच निवडावा. त्याच टाकीत दुसरे मासे ठेवलेले असतील, तर दुकानदाराचे बोलणे क्षणभर बाजूला ठेवून त्यांच्या शेपट्यांच्या कडा काचेतून नीट पाहून घ्याव्यात.